स्थानकाचा पूल स्थानकाच्याच खर्चात हवा

पुण्यातील वनाझ ते रामवाडी ही मेट्रो मार्गिका डेक्कनपाशी मुठेच्या पात्रालगत येते आणि महापालिका भवनापर्यंत नदीच्या कडेकडेने जाते. या टप्प्यात डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही दोन स्थानके आहेत. दोन्ही नदीच्या एका काठाला आहेत, तर शहराची जुनी आणि दाट वस्ती, म्हणजे नारायण पेठ, शनिवार पेठ आणि त्यांच्या पाठीमागचा सारा पेठांचा भाग, दुसऱ्या काठाला आहे. गरवारे महाविद्यालय ते रूबी हॉल हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला आणि ही स्थानके प्रवाशांना खुली झाली. पेठांकडे नेणाऱ्या पादचारी पुलांचे काम मात्र मागे राहिले. डेक्कन स्थानकाहून नारायण पेठेकडे जाणाऱ्या पुलासाठी बाबा भिडे पूल वाहतुकीला बंद ठेवण्याची वेळ २०२५ मध्ये आली, तेव्हा स्थानक सुरू होऊन जवळजवळ दोन वर्षे होत आली होती.

हा उशीर कोणा एका अभियंत्याच्या ढिलाईचा नाही, आपण खर्चाची मांडणी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाचा आहे. आधी रूळ, मग स्थानक, मग सरकते जिने, मग वाहनतळ आणि सर्वांत शेवटी, पैसे आणि उत्साह दोन्ही सरत आल्यावर, स्थानकापर्यंत पायी किंवा सायकलने पोहोचण्याची वाट. माझे म्हणणे असे की, स्थानक आणि त्याच्या भोवतालची वस्ती यांच्यामध्ये नदी, लोहमार्ग किंवा महामार्ग आडवा असेल, तर त्यावरचा पादचारी-सायकल पूल हा स्थानकाचाच भाग मानला पाहिजे, त्याचा खर्च प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे आणि तो पूल स्थानकाबरोबर, त्याच दिवशी, खुला झाला पाहिजे. नंतर कोणाच्या तरी निधीतून होईल, या भरवशावर सोडलेला पूल बहुधा वेळेवर होत नाही.

भिडे पुलाचे उदाहरण पुणेकरांना नवे नाही. हा पूल नदीपात्रात अगदी खाली आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की तो पाण्याखाली जातो, दोन्ही तोंडांशी पोलीस अडथळे लावतात आणि पाणी ओसरल्यावर कठड्यांत अडकलेली जलपर्णी आणि प्लास्टिक काढल्याशिवाय तो वापरता येत नाही. अशा दिवशी नारायण पेठेतून डेक्कनला पायी निघालेल्या माणसाला झेड पुलावरच्या दुचाकींच्या गर्दीतून वाट काढावी लागते किंवा लकडी पुलाचा वळसा घ्यावा लागतो. ज्याला समोरच्या काठावरचे मेट्रो स्थानक घराच्या गच्चीवरून दिसते, त्याच्यासाठी ते अंतर वळशामुळे इतके वाढते की तो दुचाकी काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की ती डेक्कनला लावून पुढे मेट्रोने जाण्यापेक्षा थेट कामाच्या ठिकाणी नेणेच त्याला सोपे वाटते. मेट्रोचा एक प्रवासी असा गमावला जातो, आणि तो कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, कारण तो स्थानकात आलेलाच नसतो.

पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरच्या या टप्प्याचा खर्च ११,४२० कोटी रुपये धरला होता. किलोमीटरमागे हा खर्च साडेतीनशे कोटींच्या पुढे जातो. इतका खर्च करून उभारलेल्या मार्गिकेचा लाभ नदीच्या एकाच काठाला व्हावा आणि दुसऱ्या काठाने वर्षानुवर्षे वाट पाहावी, यात कोणतीही काटकसर नाही. स्थानकाच्या निम्म्या परिसरातले लोक तेथे सहज पोहोचू शकत नसतील, तर त्या स्थानकावरची तेवढी गुंतवणूक अडकून पडलेली असते.

मुंबईने या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पाऊस कोसळत असताना, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, हजारो नोकरदार या दोन स्थानकांवर उतरू लागले, पण त्यांना रस्त्यावर नेणारा पूल गिरणगावाच्या काळातलाच राहिला. परिसरातील लोकप्रतिनिधींनी रुंद पुलाची मागणी आधीच लेखी केली होती. त्यातील एका पत्राच्या उत्तरात रेल्वेकडून निधीच्या टंचाईचे कारण देण्यात आले होते. सुमारे १२ कोटी रुपयांचा रुंद पूल नंतर मंजूर झाला, पण अपघात झाला तेव्हा तो निविदेच्या टप्प्यापुढे सरकलेला नव्हता.

त्यानंतर जे घडले त्यातून निधीच्या प्रश्नाचे खरे स्वरूप उघडे पडते. अपघातानंतर रेल्वेने पादचारी पुलांची वर्गवारीच बदलली. तोवर हे पूल ‘प्रवासी सुविधा’ समजले जात होते, म्हणजे प्रतीक्षालय, बाके आणि पाणपोई यांच्या रांगेत त्यांचा नंबर लागत होता. आता ते अत्यावश्यक मानले जाऊ लागले आणि त्यांच्या मंजुरीचे अधिकार खालच्या पातळीवर देण्यात आले. ३१ ऑक्टोबरला सैन्यदलाकडून पूल बांधून घेण्याची घोषणा झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे चार महिन्यांच्या आत, एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथील तिन्ही पूल खुले झाले. त्याच सुमारास सचिन तेंडुलकर यांनी राज्यसभा सदस्य म्हणून मिळणाऱ्या स्थानिक विकास निधीतून मुंबईतील रेल्वे पुलांसाठी २ कोटी रुपये दिले. ज्या पुलासाठी वर्षानुवर्षे पैसा नव्हता, त्या पुलासाठी पैसाही मिळाला, माणसेही मिळाली आणि वेळही मिळाला. देशाची तिजोरी त्या चार महिन्यांत मोठी झाली नव्हती. बदलले होते ते लेखाशीर्ष आणि त्याच्यामागची निकड. खासदारांच्या उदारपणाबद्दल आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, लाखो माणसांच्या रोजच्या वाटेचा खर्च कोणाच्या ऐच्छिक निधीवर अवलंबून असणे हे योग्य नाही.

मेट्रोच्या बाबतीत धोरणाची उणीव आहे असेही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणात स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसराचा विचार करून पूरक बससेवा, पायवाटा आणि सायकलमार्ग यांची हमी राज्यांनी प्रकल्प अहवालातच द्यावी, अशी अपेक्षा स्पष्टपणे व्यक्त केली आहे. त्याआधी २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्याला प्राधान्य दिले होते. अडचण अंमलबजावणीत आहे, कारण अहवालातील हमीला रुपयांची जोड नसते. प्रकल्प अहवालात पादचारी जोडणीचे प्रकरण असते, नकाशे असतात, रंगीत बाणही असतात, पण खर्चाच्या तक्त्यात त्या बाणांसमोर रक्कम लिहिलेली असेलच असे नाही. मग मेट्रो कंपनी म्हणते की, स्थानकाच्या हद्दीबाहेरचे काम महापालिकेचे. महापालिका म्हणते की, पुलाचा लाभ मेट्रोच्या प्रवाशांना होणार, तेव्हा खर्च मेट्रोने करावा. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी तर्काला धरून असते आणि पूल मधल्या मध्ये राहतो.

हा तिढा पैसे नसल्यामुळे पडलेला नाही, हे सांगण्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली गोष्ट अशी की, राज्यात पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. करोनाच्या काळात दिलेली सवलत संपून एप्रिल २०२२ पासून तो पुन्हा सुरू झाला आहे. हा अधिभार नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक भरतात. नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत सदनिका घेणारे कुटुंब आणि जंगली महाराज रस्त्यालगत सदनिका घेणारे कुटुंब एकाच दराने तो भरते. मेट्रोच्या नावाने दोघांकडून पैसे घेतल्यावर मेट्रोपर्यंतची वाट मात्र एकालाच द्यायची, हे न्यायाला धरून नाही.

दुसरी गोष्ट वाढीव चटईक्षेत्राची. मेट्रो स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटर परिसरात अधिमूल्य भरून वाढीव बांधकामाची परवानगी मिळते, ती या गृहीतकावर की तेथे राहणारी माणसे चालत स्थानकाला येतील आणि रस्त्यावर गाड्यांची भर पडणार नाही. पण ही पाचशे मीटरची कक्षा नकाशावर वर्तुळ काढून ठरते. वर्तुळ नदी सहज ओलांडते, लोहमार्ग ओलांडते, महामार्गही ओलांडते. पायी चालणाऱ्या माणसाला ते ओलांडता येतात की नाही, याची तपासणी त्या वर्तुळात होत नाही. जेथे असा अडथळा मध्ये आहे, तेथे पलीकडच्या भूखंडावर मिळालेल्या अधिमूल्यातला ठरावीक हिस्सा त्या स्थानकाच्या पुलासाठीच राखून ठेवावा, आणि पूल होईपर्यंत तेथील अंतर प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने मोजावे, असा नियम करायला काय हरकत आहे? वाढीव बांधकामाचे सारे समर्थन चालत येण्याच्या शक्यतेवर उभे आहे, म्हणून ती शक्यता निर्माण करण्याचा खर्चही त्याच व्यवहारातून निघाला पाहिजे.

अमेरिकेतील सिॲटल शहरात याच प्रश्नाचा निकाल जरा वेगळ्या रीतीने लागला आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. शहराच्या उत्तर भागातून जाणाऱ्या आंतरराज्य महामार्गाने एका वस्तीचे दोन तुकडे केले होते. नॉर्थगेट येथे लाइट रेलचे स्थानक महामार्गाच्या पूर्वेला होणार होते आणि सार्वजनिक महाविद्यालय व त्यालगतची वस्ती पश्चिमेला होती. पादचारी आणि सायकलस्वारांसाठी महामार्गावरून पूल हवा ही मागणी स्थानक उभे राहण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून होत होती आणि तेथेही वाहनतळावर किती खर्च करायचा, पुलावर किती, हा वाद झाला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या मतदारांनी वाहतूक सुधारणांसाठी नऊ वर्षांचा ९३ कोटी डॉलरचा मालमत्ता कर मंजूर केला, त्यात या एका पुलासाठी दीड कोटी डॉलरची रक्कम नावानिशी लिहिलेली होती. रेल्वे उभारणाऱ्या संस्थेने आपला वाटा दिला, राज्यानेही दिला. पुलाचा एकूण खर्च सुमारे ५.६ कोटी डॉलरवर गेला, आणि २ ऑक्टोबर २०२१ रोजी स्थानक आणि पूल एकाच दिवशी खुले झाले.

सिॲटल श्रीमंत शहर आहे आणि तेथील खर्चाचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. लागू पडते ती पद्धत. पुलाचे नाव आणि त्याची रक्कम मतदारांसमोर ठेवलेल्या कागदावर होती, म्हणून नंतर कोणाला ती दुसरीकडे वळवणे सोपे नव्हते. आपल्याकडे महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘पादचारी सुविधा’ अशी मोघम तरतूद असते आणि वर्षअखेरीस ती पदपथांवरचे गट्टू बदलण्यात किंवा वर्गीकरणाने, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवून, आणखी कशात संपून जाते.

सायकलचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो, कारण निधीच्या ओढाताणीत सर्वांत आधी कात्री लागते ती सायकलला. पूल सायकलसाठी आहे की नाही हे फलकावरून ठरत नाही, चढावरून ठरते. जमिनीपासून सहा मीटर उंचीवर जायचे असेल, तर १ : १२ या चढाने, जो चाकाच्या खुर्चीसाठी कमाल मानला जातो, ७२ मीटर लांबीचा उतरता मार्ग लागतो, आणि सायकलवरून न उतरता चढता यावे यासाठी १ : २० चा चढ ठेवला तर १२० मीटर, मधल्या सपाट टप्प्यांची लांबी निराळी. जिना त्या मानाने थोडक्या जागेत आणि थोडक्या पैशात होतो. म्हणून आराखड्यात असलेला उतरता मार्ग निविदेपर्यंत पोहोचता पोहोचता जिना होतो, फार तर जिन्याच्या कडेला सायकलचे चाक ठेवण्यापुरती पन्हळ येते. काळ्या रंगाची, मागे कॅरिअर आणि पुढे डब्याची पिशवी अडकवलेली जुन्या धाटणीची सायकल रिकामीच अठरा-वीस किलोची असते. ती खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस रोज तसे करणार नाही. जो बांधकामावर, उपाहारगृहात, पहारेकऱ्याच्या कामावर सायकलने जातो आणि ज्याला मेट्रोचे तिकीट परवडण्यासाठी घरापासून स्थानकापर्यंत रिक्षाचे पैसे वाचवणे भाग आहे, त्याच्यासाठी तो जिना म्हणजे बंद दरवाजा आहे. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरमध्ये आठशेहून अधिक किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला, पण मार्गांचे हे जाळे नेमके नदी आणि लोहमार्ग यांच्यापाशी तुटत राहिले तर त्याचा उपयोग मर्यादितच राहील.

नदीवरच्या पुलाला येथे एक मोठी सोय आहे. लोहमार्गावरचा पूल विजेच्या तारांच्या वरून न्यावा लागतो, म्हणून उंची आणि चढ टाळता येत नाहीत. नदीचे दोन काठ मात्र बहुधा जवळपास सारख्या पातळीवर असतात, त्यामुळे पुराची पातळी सांभाळून काठाच्या रस्त्याच्या उंचीवर पूल बांधला तर चढाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. असा पूल थेट स्थानकाच्या वरच्या मजल्यालाच जोडायचा आणि खाली रस्त्याला जोडायचा नाही, असा आग्रह काही वेळा धरला जातो. मेट्रोच्या प्रवाशाला ते सोयीचे असेल, पण जो मेट्रोत बसणार नाही, ज्याला केवळ नदी ओलांडून शाळेत, बाजारात किंवा दवाखान्यात जायचे आहे, त्यालाही हा पूल सार्वजनिक वाटेसारखा मिळाला पाहिजे, आणि शेवटची मेट्रो गेल्यावरही मिळाला पाहिजे. सार्वजनिक पैशाचे समर्थन त्यानेच अधिक भक्कम होते.

पादचारी पुलांवर जो गंभीर आक्षेप घेतला जातो, तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. शहरातल्या साध्या रस्त्यावर पूल बांधणे म्हणजे पुष्कळदा माणसांना जिने चढायला लावून गाड्यांसाठी रस्ता मोकळा करणे असते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ पासून वांद्र्याहून सुरुवात करून स्थानकांबाहेर स्कायवॉक उभारले. त्यांपैकी काहींवर गर्दी राहिली, पण अनेक ठिकाणी माणसे खालूनच चालत राहिली, कारण त्यांना जायचे होते ती दुकाने, बसथांबे आणि रिक्षा खालीच होत्या. अशा जागी सिग्नल, झेब्रा पट्टे, रुंद पदपथ आणि वेगावर नियंत्रण हाच उत्तम आणि स्वस्त उपाय आहे, आणि तेथे पुलासाठी पैसे मागणाऱ्याला नकारच दिला पाहिजे. मी ज्या पुलांबद्दल बोलतो आहे ते वेगळे आहेत. नदीला झेब्रा पट्टे आखता येत नाहीत. धावत्या लोकलसमोरून रूळ ओलांडणे हा गुन्हाही आहे आणि मृत्यूला आमंत्रणही. महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येणाऱ्या मालमोटारीपुढे सिग्नलचा भरवसा धरता येत नाही. हा भेद निधी देणाऱ्या समितीने पहिल्याच बैठकीत केला पाहिजे, म्हणजे नको तेथे पूल होणार नाहीत आणि हवे तेथे पैसे कमी पडणार नाहीत.

बांधकामाइतकाच देखभालीचाही प्रश्न आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि माणसे दगावली. त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हा पूल महापालिकेचा की रेल्वेचा, यावरच वाद चालला होता. संरचना तपासणीत तो पूल किरकोळ दुरुस्तीच्या अटीवर सुस्थितीत ठरवलेला होता. त्या जागी नवा पूल व्हायला २०२३ उजाडले. म्हणून पुलाच्या मंजुरीच्या कागदावरच त्याचा मालक कोण, तपासणी कोण करणार आणि त्यासाठी दरवर्षी रक्कम कोणत्या खात्यातून येणार, हे लिहिलेले असले पाहिजे.

खर्च कोणी करायचा याला एक साधे सूत्र लावता येईल असे मला वाटते. अडथळा ज्या यंत्रणेने निर्माण केला किंवा रुंद केला, तिने पुलाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलावा. महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाने, लोहमार्ग असेल तर रेल्वेने. नदी कोणी निर्माण केलेली नाही, म्हणून तेथे ज्या प्रकल्पाला प्रवासी हवे आहेत त्या प्रकल्पाने खर्च करावा आणि महापालिकेने काठांवरची जागा व पोहोचमार्ग द्यावेत.

या सूत्राची कसोटी आता पुण्यात लगेच लागणार आहे. वनाझ ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या १२.७५ किलोमीटरच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ३,६२६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे अनेक पदरी नवी रचना खुली झाली. ती गाड्यांसाठी उपयुक्त ठरली, पण कोथरूडच्या बाजूने बावधनच्या बाजूला पायी जायचे म्हटले तर महामार्ग, सेवारस्ते आणि वळणमार्ग एकामागून एक ओलांडावे लागतात, आणि त्यावरून उतारावरच्या वेगाने गाड्या येत असतात. उद्या तेथे मेट्रो स्थानक झाल्यावर बावधन, भुगाव, भूकूम या भागांतून बसने आणि सायकलने येणारे विद्यार्थी आणि नोकरदार याच जागी उतरतील. त्यांच्यासाठी महामार्गावरून जाणारा, सायकल चढू शकेल असा आणि वरून छप्पर असलेला पूल या ३,६२६ कोटींच्या आत बसवता येईल किंवा त्यासाठी महामार्ग प्राधिकरणाकडून लेखी हिस्सा घेता येईल. नळ स्टॉपहून वारजेमार्गे माणिकबागेकडे जाणाऱ्या नियोजित मार्गिकेला तर मुठा पुन्हा ओलांडायची आहे. मेट्रोचा पूल नदीवर बांधला जाणारच असेल, तर त्याच्या खांबांच्या आधाराने किंवा त्यालगत माणसांसाठी एक पट्टा नेण्याचा खर्च आराखडा कागदावर असताना धरला तर तुलनेने थोडा असतो. खांब उभे राहिल्यावर तीच गोष्ट नवा प्रकल्प, नवी निविदा आणि नवी पर्यावरण परवानगी होऊन बसते. या मार्गिकांच्या निविदा निघण्याआधी महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने आणि मेट्रो कंपनीच्या संचालक मंडळाने प्रत्येक स्थानकासमोर त्याच्या पुलाचे नाव, रक्कम, मालक आणि खुला करण्याची तारीख लिहिलेला एक तक्ता प्रसिद्ध करावा, आणि ज्या स्थानकासमोरची रक्कम कोरी असेल त्याच्या बांधकामाचा कार्यारंभ आदेश ती भरली जाईपर्यंत देऊ नये.